संगिनीवरील पलटणखुणा (जर्मन)

लष्कराच्या मालकीच्या संगिनीवर ती कोणत्या रेजिमेंटची, त्या रेजिमेंटमधील कोणत्या कंपनीची आणि कितव्या क्रमांकाची, हे दाखविण्यासाठी पोलादी ठशाने उमटविलेली अक्षरे व आकडे यांना पलटणखुणा म्हणतात. निर्मात्याचे नाव, तपासनिसाचा शिक्का आणि राजमुद्रा यांहून या खुणा वेगळ्या असतात. पहिल्या तिन्हींवरून शस्त्र कोठे, केव्हा व कोणत्या राज्यासाठी तयार झाले एवढे कळते. पलटणखुणेवरून ते कोणाच्या हाती दिले गेले होते हे कळते. जर्मन साम्राज्याच्या सैन्यात (१८७१–१९१८) अशा खुणा उमटविण्याची पद्धत इतर बहुतेक सैन्यांपेक्षा अधिक काटेकोर असल्याने जुन्या संगिनींच्या अभ्यासात जर्मन संगिनींना विशेष स्थान आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयाचे महत्त्व असे, की जुन्या मुंबई इलाख्यातील पलटणी पहिल्या व दुसऱ्या महायुद्धांत जर्मनी आणि तिचा मित्र तुर्कस्तान यांच्याविरुद्ध लढल्या. त्या काळातील एखादी संगीन समोर आल्यास तिचा खरा इतिहास कोणता आणि तिच्याभोवती जमलेली दंतकथा कोणती, याचा निवाडा बव्हंशी या खुणांच्या वाचनावर अवलंबून असतो.

संगिनीचे भाग व खुणांच्या जागा : ‘संगीन’ हा शब्द मराठीत फार्सीतून आला. यूरोपीय भाषांतील तिचे नाव फ्रान्समधील बायोन या गावावरून पडले, असे सामान्यतः मानतात. सतराव्या शतकात मुसक्याप्रमाणे बंदुकीच्या नळीत खुपसावयाची संगीन प्रचारात होती; त्या शतकाच्या अखेरीस नळीवर बाहेरून बसणारी खोबणीची संगीन आली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात महादजी शिंदे यांच्या कवायती पलटणींतून अशा संगिनींचा वापर होत असे. एकोणिसाव्या शतकात संगिनीला तलवारीसारखी किंवा सुऱ्यासारखी मूठ आली आणि ती बंदुकीपासून वेगळी करूनही वापरता येऊ लागली. जर्मन भाषेत तिला ‘झायटेनगेवेअर’ म्हणजे कमरेला लावावयाचे शस्त्र म्हणतात.

अशा संगिनीचे पाते, मूठ, पाते व मूठ यांमधील आडपट्टी, मुठीच्या टोकाचा गोळा आणि म्यान असे भाग असतात. जर्मन संगिनीवर निरनिराळ्या खुणांच्या जागा ठरलेल्या असत. मुठीलगतच्या पात्याच्या सपाट बाजूवर निर्मात्याचे नाव व गाव. पात्याच्या पाठीवर, म्हणजे धारेच्या विरुद्ध कडेवर, मुकुटासह राजमुद्रा व वर्ष. मुठीच्या गोळ्यावर व इतर भागांवर तपासनिसांचे मुकुटयुक्त गॉथिक अक्षर. आणि आडपट्टीवर पलटणखूण. म्यानाच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्टीवरही हीच पलटणखूण पुन्हा उमटवीत. म्हणून खूण वाचण्यापूर्वी ती कोणत्या जागी आहे हे पाहणे आवश्यक असते. एकच अक्षर जागेनुसार भिन्न अर्थ देते.

प्रमुख नमुने : खुणेचा काळ ठरविण्यास संगिनीच्या नमुन्याची ओळख उपयोगी पडते. १८७१ च्या नमुन्याची संगीन ही तलवारीच्या घाटाची असून तिचे पाते सु. ४७ सेंमी. लांब असते. ७१/८४ या नमुन्यात पाते सु. २५ सेंमी. इतके आखूड करण्यात आले व संगिनीला सुऱ्याचे रूप आले. माउझर रायफलीबरोबर आलेल्या ९८ च्या नमुन्यात पाते पुन्हा सु. ५२ सेंमी. लांब व निमुळते झाले. ९८/०५ या नमुन्याचे पाते सु. ३७ सेंमी. असून ते टोकाकडे रुंदावत जाते. त्या आकारामुळे तिला खाटकाचा सुरा असे टोपणनाव मिळाले. पहिल्या महायुद्धात ती फार मोठ्या संख्येने वापरली गेली. यांपैकी काही संगिनींच्या पाठीला करवतीसारखे दाते होते. ते लाकूड कापण्यासाठी असले, तरी शत्रुपक्षाने त्यांना क्रौर्याचे साधन म्हणून प्रसिद्धी दिली व महायुद्धाच्या उत्तरार्धात अनेक संगिनींचे दाते घासून काढण्यात आले. ८४/९८ हा सु. २५ सेंमी. पात्याचा नमुना पहिल्या महायुद्धात सुरू झाला आणि सुधारलेल्या रूपात दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरपर्यंत टिकला.

निर्मात्यांमध्ये एरफुर्ट येथील सरकारी शस्त्रशाळा, झूल येथील झिमसन, ओबर्नडोर्फ येथील माउझर आणि पात्यांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या झोलिंगेन गावातील आयकहोर्न, कोपेल, व्हायर्सबेर्ग-किर्शबाउम इ. नावे वारंवार आढळतात. निर्मात्याच्या नावावरून रेजिमेंट ठरत नाही; एकाच कारखान्याच्या संगिनी अनेक रेजिमेंटना जात.

राजमुद्रा : जर्मन साम्राज्य हे अनेक राज्यांचा संघ होते. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी व वुर्टेंबर्ग या राज्यांना आपापले राजे होते व त्यांच्या सैन्यांचे काही वेगळेपण शांततेच्या काळात जपलेले होते. म्हणून पात्याच्या पाठीवरील राजमुद्रेत त्या त्या राजाच्या नावाचे आद्याक्षर मुकुटाखाली येते. (या लेखात रोमन अक्षरे त्यांच्या रूढ इंग्रजी उच्चारांनी दिली आहेत.) ‘डब्ल्यू’ म्हणजे विल्हेल्म, प्रशियाचा राजा, मात्र वुर्टेंबर्गच्या १८९१ ते १९१८ या काळातील राजाचे नावही विल्हेल्मच असल्याने तेथे मुकुटाच्या आकारातील फरक पाहावा लागतो. बव्हेरियाच्या संगिनींवर १८८६ पर्यंत ‘एल’ (दुसरा लूटव्हिख), नंतर १९१३ पर्यंत ‘ओ’ (ओटो) व त्यानंतर पुन्हा ‘एल’ (तिसरा लूटव्हिख) येते. सॅक्सनीत १९०२ पर्यंत ‘ए आर’ (आल्बर्ट), १९०२–०४ मध्ये ‘जी आर’ (गेओर्ग) व पुढे ‘एफ ए’ (फ्रीड्रिख आउगुस्ट) अशी मुद्रा आहे. मुद्रेखालील दोन आकडे वर्षाचे असतात : ‘११’ म्हणजे १९११, ‘८८’ म्हणजे १८८८. ते संगीन सरकारने स्वीकारल्याचे वर्ष होय. ती पलटणीला मिळाल्याचे नव्हे.

पलटणखुणांची पद्धत : शस्त्र हे राज्याचे असून ते शिपायाकडे केवळ सोपविलेले असते, या तत्त्वातून ही पद्धत निर्माण झाली. कंपनीचा प्रमुख आपल्या कंपनीच्या प्रत्येक शस्त्राला जबाबदार असे आणि शस्त्र हरवल्यास किंवा बदलल्यास ते खुणेवरून ताबडतोब उघडकीस येई. प्रशियाच्या युद्धमंत्रालयाने १८७७ मध्ये शस्त्रांवर ठसे मारण्याविषयीची नियमावली काढली व १९०९ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. अक्षरांचा क्रम, आकडे आणि त्यांमधील टिंबे या सर्वांविषयी या नियमावल्यांत सूचना आहेत.

पायदळाच्या सर्वसाधारण खुणेत चार घटक असतात : रेजिमेंटचा क्रमांक, दलाचे अक्षर, कंपनीचा क्रमांक व शस्त्राचा क्रमांक. ‘७६. आर. ५. १२०.’ ही खूण ‘७६ वी पायदळ रेजिमेंट, पाचवी कंपनी, १२० क्रमांकाचे शस्त्र’ अशी वाचावयाची असते. ७६ वी रेजिमेंट हँबर्गची असल्याने संगिनीचे मूळ ठाणेही त्यावरून कळते. येथे ‘आर’ हे अक्षर पायदळाच्या रेजिमेंटचे निदर्शक आहे. अक्षर दोनदा आले, म्हणजे ‘आर. आर.’ असे असले, तर ती राखीव पायदळ रेजिमेंट होय. ‘जी’ हे अक्षर राजरक्षक दलाचे, ‘१. जी. आर.’ म्हणजे राजरक्षक पायदळाची पहिली रेजिमेंट. ‘एल’ हे लांडव्हेर या प्रौढ सैनिकांच्या दलाचे, ‘जे’ हे येगर म्हणजे निवडक नेमबाज पायदळाचे, ‘पी’ हे सफरमैनांचे आणि ‘ए’ हे तोफखान्याचे अक्षर होय. घोडदळातील ‘के’ (क्युरासियर), ‘डी’ (ड्रगून), ‘एच’ (हुसार) व ‘यू’ (उलान) ही अक्षरे संगिनींपेक्षा तलवारींवर व कार्बाइनींवर अधिक दिसतात.

बव्हेरियाची गोष्ट वेगळी होती. सॅक्सनी व वुर्टेंबर्ग यांच्या रेजिमेंटना साम्राज्याच्या एकाच सलग क्रमवारीत आकडे मिळालेले होते. १९१४ मध्ये ही क्रमवारी १८२ पर्यंत गेली होती. सॅक्सनीच्या रेजिमेंट १०० ते १०८ आणि काही पुढील आकड्यांवर, तर वुर्टेंबर्गच्या मुख्यतः ११९ ते १२७ या आकड्यांवर होत्या. बव्हेरियाने मात्र आपली क्रमवारी स्वतंत्र ठेवली. त्यामुळे गोंधळ टाळण्यासाठी बव्हेरियाच्या खुणेच्या आरंभी ‘बी’ हे अक्षर घालीत. हे एक अक्षर झिजून गेले, तर संगीन एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाते. ‘१६. आर.’ ही प्रशियाच्या सैन्यातील वेस्टफेलियाची रेजिमेंट असून तिचे ठाणे कोलोन येथे होते, ‘बी. १६. आर.’ ही बव्हेरियाची, पासाउ येथील रेजिमेंट, ‘१६. आर. आर.’ ही प्रशियाच्या क्रमवारीतील राखीव रेजिमेंट, आणि ‘बी. १६. आर. आर.’ ही १९१४ मध्ये उभारलेली बव्हेरियाची राखीव रेजिमेंट. आडॉल्फ हिटलर हा पहिल्या महायुद्धात याच शेवटच्या रेजिमेंटमध्ये शिपाई होता. या प्रसिद्धीमुळे १६ हा आकडा असलेल्या संगिनीला बाजारात नको तितके महत्त्व येते. म्हणूनच अशा खुणेत प्रत्येक अक्षर व टिंब तपासणे अगत्याचे ठरते.

वाचलेली खूण बरोबर आहे की नाही, याची पडताळणी सैन्याच्या रचनेवरून करता येते. पायदळाच्या रेजिमेंटमध्ये तीन बटालियन व प्रत्येक बटालियनमध्ये चार अशा बारा रायफल कंपन्या असत. तेव्हा पायदळाच्या खुणेत कंपनीचा क्रमांक १२ च्या वर दिसला, तर वाचन चुकले किंवा खूण वेगळ्या प्रकारची आहे असे समजावे. युद्धकाळात कंपनीत सु. २५० सैनिक असत. शस्त्राचा क्रमांक त्याहून फार मोठा असेल तर तेथेही शंका घ्यावी. चार-पाच आकड्यांची संख्या ही बहुधा पलटणखूण नसून कारखान्याचा अनुक्रमांक असते.

एका रेजिमेंटकडून दुसरीकडे संगीन गेली, की जुनी खूण आडव्या रेघेने किंवा फुलीने रद्द करून नवी खूण शेजारी किंवा दुसऱ्या बाजूस उमटवीत. रद्द केलेली खूण हा दोष नसून त्या संगिनीच्या प्रवासाचा पुरावा होय. म्यानावरील व आडपट्टीवरील खुणा जुळत नसतील, तर पूर्वी केव्हा तरी म्यान बदलले गेले, एवढाच निष्कर्ष काढावा. १९१६ च्या अखेरीस पलटणखुणा उमटविण्याची पद्धत बंद झाली. तोवर लाखो नवे सैनिक भरती झाले होते, शस्त्रे दुरुस्तीसाठी एकत्र येऊन भलत्याच पलटणींकडे परत जात होती आणि कंपनीच्या नोंदवहीशी खूण जुळविणे व्यवहारात अशक्य झाले होते. म्हणून राजमुद्रेखाली ‘१७’ किंवा ‘१८’ हे आकडे असलेल्या संगिनीवर पलटणखूण नसणे हेच स्वाभाविक असून ती असल्यास अधिक चौकशी करावी.

१९१८ नंतरचा काळ : १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्याची संख्या एक लाखावर मर्यादित केली. या सैन्यात पलटणखुणा पुन्हा सुरू झाल्या; परंतु पायदळाच्या रेजिमेंटसाठी ‘जे. आर.’ अशी दोन अक्षरे येऊ लागली व घटकांचा क्रमही बदलला. याच काळात जुन्या शस्त्रांवर ‘१९२०’ हा आकडा उमटविण्यात आला. तो सरकारी मालकीचा ठसा असून निर्मितीचे वर्ष नव्हे. राजमुद्रेवर १९१२ व आडपट्टीवर १९२० असा मेळ त्यामुळेच दिसतो. नाझी राजवटीत पुनःशस्त्रीकरण सुरू झाल्यावर पलटणखुणांची जागा निर्मात्याचा सांकेतिक शब्द, वर्ष, अनुक्रमांक व गरुडाखाली आकडा असलेला तपासणी-शिक्का यांनी घेतली. आयकहोर्न कारखान्याचा ‘सी ओ एफ’ हा असाच एक संकेत होय. दुसऱ्या महायुद्धातील ८४/९८ नमुन्याच्या संगिनीवरून तिचा कारखाना व वर्ष सांगता येते. रेजिमेंट सांगता येत नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ : मुंबई इलाख्यातील पलटणींचा जर्मन शस्त्रांशी चार ठिकाणी संबंध आला आणि या चारही ठिकाणच्या संगिनींचे स्वरूप भिन्न होते.

पहिले ठिकाण फ्रान्स व बेल्जियममधील आघाडी. १९१४ च्या सप्टेंबरअखेर भारतीय सैन्य मार्सेल्स बंदरात उतरू लागले. लाहोर व मीरत डिव्हिजनांमध्ये १०७ वी पायोनियर, १२५ वी नेपियर रायफल्स व १२९ वी बलुची या मुंबई क्रमवारीतील पलटणी होत्या. घोडदळात ३४ वे पूना हॉर्स होते. १० ते १२ मार्च १९१५ या दिवसांत न्यव्ह शापेल येथे भारतीय कोअर लढले, तेव्हा त्या भागातील जर्मन सैन्यात वेस्टफेलियाच्या १३ व्या व १६ व्या पायदळ रेजिमेंट आणि ११ वी येगर बटालियन होती. प्रतिहल्ल्यासाठी बव्हेरियाच्या राखीव रेजिमेंट आणण्यात आल्या. म्हणजे ‘१६. आर.’ व ‘बी. १६. आर. आर.’ या दोन्ही खुणांच्या संगिनी एकाच रणक्षेत्रावर पडलेल्या असणे शक्य आहे. भारतीय पायदळ १९१५ च्या अखेरीस फ्रान्समधून हलविले गेले. घोडदळ १९१८ च्या आरंभापर्यंत तेथे राहिले. खुणांच्या पद्धतीचा शेवट आणि भारतीय पायदळाचा फ्रान्समधील काळ यांत सु. एक वर्षाचे अंतर आहे. त्यामुळे या आघाडीवरून आलेल्या संगिनीवर पलटणखूण मिळण्याचा संभव सर्वांत अधिक असतो.

दुसरे ठिकाण पूर्व आफ्रिका. नोव्हेंबर १९१४ मध्ये टांगा येथील फसलेल्या चढाईत १०१ वी ग्रेनेडियर्स ही मुंबईची जुनी पलटण होती. समोरच्या जर्मन वसाहती दलाकडे काळ्या दारूच्या काडतुसांच्या १८७१ नमुन्याच्या जुन्या बंदुका मोठ्या प्रमाणात होत्या. तेव्हा तेथील संगिनीही बव्हंशी जुन्या घाटाच्या अपेक्षित आहेत.

तिसरे ठिकाण मेसोपोटेमिया. येथे १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी सहाव्या (पुणे) डिव्हिजनबरोबर कूत येथे वेढ्यात सापडल्या व २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेल्या. मार्च १९१७ मध्ये बगदाद ब्रिटिशांच्या हाती आले. येथील शत्रू तुर्की होता, पण त्याच्या माउझर रायफली व संगिनी बव्हंशी जर्मन कारखान्यांच्या होत्या. अशा संगिनीवर झोलिंगेनचे नाव असले, तरी तुर्की चंद्रतारा आणि अरबी लिपीतील आकडे असतात. जर्मन राजमुद्रा व पलटणखूण नसते. निर्मात्याचे नाव वाचून अशा संगिनीला जर्मन शिपायाची समजणे ही सर्वांत सामान्य चूक होय.

चौथे ठिकाण दुसऱ्या महायुद्धातील इटली. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात पाचव्या मराठा रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांना आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर पहिल्या पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांना ज्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो जर्मन सैन्याविरुद्धचा होता. घाडगे यांना हा सन्मान मरणोत्तर लाभला. मात्र वर सांगितल्याप्रमाणे या काळातील जर्मन संगिनीवर रेजिमेंट वाचता येत नाही.

नाशिक जिल्ह्यातील देवळालीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. एकोणिसाव्या शतकापासून तेथे ब्रिटिश फौजांची छावणी होती. जहाजाने मुंबईस उतरलेल्या तुकड्या तेथे येत आणि मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची तेथे वाट पाहत. स्वातंत्र्यानंतर तोफखान्याचे प्रशिक्षण देवळाली येथे व त्याचे केंद्र नाशिक रोड येथे आले. इतक्या निरनिराळ्या दलांची ये-जा असलेल्या परिसरात मिळालेल्या संगिनीचा संबंध केवळ सापडण्याच्या जागेवरून कोणत्याही एका पलटणीशी जोडता येत नाही. तेथे वस्तूवरील खूण हाच प्रमुख आधार राहतो.

भारतीय सैन्याच्या खुणांशी तुलना : महाराष्ट्रात जर्मन संगिनीपेक्षा १९०७ च्या ब्रिटिश नमुन्याची संगीन अधिक आढळते व दोहोंची गल्लत होते. ब्रिटिश संगिनीच्या पात्यावर मुठीलगत मुकुट, ‘जी आर’ ही पंचम जॉर्जची मुद्रा, नमुन्याचे वर्ष, निर्मितीचा महिना व वर्ष आणि निर्मात्याचे नाव असते. दुसऱ्या बाजूस सरकारी मालकीचा बाण व पाते वाकवून तपासल्याची फुली असते. बाणाखाली ‘आय’ हे अक्षर असल्यास ती भारत सरकारची मालमत्ता होय. इशापूर येथील रायफल फॅक्टरीत तयार झालेल्या संगिनींवर ‘आर एफ आय’ ही अक्षरे येतात. पलटणखूण बहुधा मुठीच्या गोळ्यावर असते, जर्मन संगिनीप्रमाणे आडपट्टीवर नव्हे. ‘जी आर’ या दोन अक्षरांचे तीन अर्थ यावरून स्पष्ट होतील : पात्याच्या सपाट बाजूवर तो इंग्लंडचा जॉर्ज, पात्याच्या पाठीवर सॅक्सनीचा गेओर्ग आणि आडपट्टीवर प्रशियाचे राजरक्षक पायदळ.

भारतीय पलटणींच्या आकड्यांवरून काळही ठरतो. १९०३ च्या पुनर्रचनेत मुंबईच्या पायदळ पलटणींच्या जुन्या आकड्यांत १०० मिळविण्यात आले. त्यानुसार तिसरी पलटण १०३ वी झाली. १९२२ मध्ये १०३, १०५, ११०, ११६ व ११७ या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या अनुक्रमे पहिल्या ते पाचव्या पलटणी बनल्या व ११४ वी दहावी (प्रशिक्षण) पलटण झाली. म्हणून ‘१०३’ हा आकडा १९०३ ते १९२२ याच काळातील समजावा; एकटा ‘५’ हा आकडा मात्र रेजिमेंटचा की पलटणीचा, हे इतर पुराव्याशिवाय ठरत नाही. पहिल्या महायुद्धात उभारलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये बरखास्त झाली. इतक्या अल्पायुषी पलटणीच्या बाबतीत खूण असलेली प्रत्येक वस्तू इतिहासाचे मोलाचे साधन ठरते.

वाचनाची रीत : एक नमुना घेऊन ही रीत पाहता येईल. समजा, एका संगिनीचे पाते टोकाकडे रुंदावते, तिच्यावर एरफुर्टचे नाव आहे, पाठीवर मुकुटाखाली ‘डब्ल्यू’ व ‘११’ आहे आणि आडपट्टीवर ‘१६. आर. ५. १२०.’ असे आहे. पात्यावरून ती ९८/०५ नमुन्याची, मुद्रेवरून प्रशियाने १९११ मध्ये स्वीकारलेली व खुणेवरून १६ व्या पायदळ रेजिमेंटच्या पाचव्या कंपनीची ठरते. आकडे सैन्यरचनेच्या मर्यादेत बसतात. खुणेच्या आरंभी ‘बी’ नाही व ते झिजल्याचीही निशाणी नाही. शिवाय मुद्रा प्रशियाची आहे. इतके सर्व निश्चित म्हणता येते. ही संगीन न्यव्ह शापेल येथे भारतीय शिपायाच्या हाती लागली, असे घराण्यात सांगत असतील, तर ती गोष्ट या पुराव्याशी विसंगत नाही, एवढेच म्हणता येते. ती रेजिमेंट युद्ध संपेपर्यंत इतरत्रही लढत होती. शिपायाचे सेवापुस्तक, पत्र किंवा पलटणीची नोंद यांची जोड मिळाल्यासच ही शक्यता निष्कर्षाच्या पदवीला पोचते. उलट त्याच संगिनीवर राजमुद्रेचे वर्ष ‘१६’ असते, तर १९१५ मध्ये फ्रान्स सोडलेल्या पायदळ शिपायाला ती तेथे मिळणे अशक्य ठरले असते.

बनावट खुणाही आढळतात. मूळ ठसा हाताने ठोकलेला असल्याने अक्षरांची खोली किंचित कमीअधिक असते, कडा वापराने बोथट झालेल्या असतात आणि अक्षराच्या तळाशी आजूबाजूच्या धातूइतकाच जुना काळपट थर असतो. ठसा गंजाच्या खड्ड्यावरून गेलेला असेल, किंवा अक्षराच्या कडेला धातू तीक्ष्ण उचललेला असेल, तर तो मागाहून मारला आहे असे समजावे.

जतन : महाराष्ट्रात खुणा नष्ट होण्याचे प्रमुख कारण बनावटगिरी नसून स्वच्छता हे आहे. आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, घरातील शस्त्रे पूजेसाठी काढतात. त्यापूर्वी ती राखेने, चिंचेने किंवा विटेच्या पुडीने घासण्याची, अथवा शिकलगाराकडून सहाणेवर उजळून घेण्याची प्रथा आहे. ठशाची खोली अत्यल्प असते. अशा घासण्याने प्रत्येक वेळी धातूचा एक पातळ थर जातो व काही दशकांत आडपट्टी गुळगुळीत होते. पूजेस बाधा न आणता हे टाळता येते. संगीन कोरड्या मऊ फडक्याने पुसून पातळ यंत्रतेलाचा हात द्यावा. आम्ल, खरकागद व फिरती चाके वर्ज्य करावीत. शेंदूर किंवा गंध आडपट्टीवर न लावता मुठीवर लावावे. कातडी म्यानातील ओल पात्याला गंज चढविते, म्हणून पाते व म्यान वेगळे ठेवावे. पुसट खूण वाचण्यासाठी प्रकाश एका बाजूने तिरपा पाडून भिंगातून पाहावे व तसेच छायाचित्र घ्यावे. खडूची बारीक पूड हलक्या हाताने लावल्यास खोलगट अक्षरे उठून दिसतात. खूण पुन्हा कोरून ‘स्पष्ट’ करणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय.

संगीन बाळगण्यास १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील तरतुदी लागू होऊ शकतात. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूच्या बाबतीत १९७२ च्या पुराणवस्तूविषयक अधिनियमाचाही विचार करावा लागतो व अशी वस्तू खाजगी रीतीने परदेशी पाठविता येत नाही. संगिनीची नोंद करताना नमुना, पात्याची लांबी, सर्व खुणा त्यांच्या जागांसह, खुणांची छायाचित्रे आणि वस्तू घरात केव्हा व कोणाकडून आली याची माहिती, ही एकाच कागदावर पण निरनिराळ्या रकान्यांत लिहावी. घराण्यात सांगितले जाणारे वृत्त जसे ऐकले तसेच टिपावे. ते खुणेच्या वाचनात मिसळू नये. युद्धावर गेलेल्या बहुसंख्य मराठी शिपायांनी लिखित आठवणी ठेवल्या नाहीत. त्यांच्या घरी उरलेल्या वस्तूंवरील दोन-चार अक्षरे आणि आकडे हे अनेकदा एकमेव साक्षीदार असतात व ते एकदा पुसले गेले, की त्यांची जागा दुसरा कोणताही पुरावा घेऊ शकत नाही.